लेखातील छायाचित्राला मजकूर चिकटतो. भोवती मोकळी जागा कशी सोडावी?

प्रश्न
कासवाट, सातारा

सर्वांना नमस्कार.

गेली दोन वर्षे मी कास पठारावरील फुलांविषयी आणि साताऱ्याच्या आसपासच्या जुन्या विहिरींविषयी लहान लेख लिहून ते आंतरजालावर ठेवत आहे. पश्चिम घाटातील इतर स्थळांसोबत कासचे नाव २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून हे पठार पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात, आणि येण्यापूर्वी मोबाइलवर काहीतरी वाचून येतात. त्यांना नीट वाचता यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मजकूर आणि छायाचित्रे दोन्ही माझीच असतात, त्यामुळे त्या बाबतीत कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. अडचण मांडणीची आहे.

छायाचित्र डावीकडे ठेवून उजवीकडून मजकूर वाहू दिला, की अक्षरे थेट छायाचित्राच्या कडेला जाऊन टेकतात. परवाच्या लेखात ‘सीतेची आसवे’ या फुलांचे छायाचित्र होते. त्याच्या उजव्या कडेला जांभळ्या फुलांचा ताटवा आहे आणि शेजारच्या प्रत्येक ओळीची शिरोरेषा त्या ताटव्यातूनच निघाल्यासारखी दिसते. मध्ये बोटभरही नव्हे, केसभरही जागा नाही.

मी आजवर तीन उपाय करून पाहिले. पहिला म्हणजे छायाचित्रानंतर स्पेसची कळ आठ-दहा वेळा दाबणे. त्याचा काहीही परिणाम झाला नाही. दुसरा म्हणजे छायाचित्राला उजवीकडे आणि खाली पांढरी पट्टी जोडून ते नव्याने चढवणे. संगणकावर हे उत्तम दिसले, परंतु माझ्या भावाच्या मोबाइलवर काळी पार्श्वभूमी लावलेली असते आणि त्यावर त्या पट्ट्या चुना लावल्यासारख्या उठून दिसल्या. तिसरा उपाय एका जुन्या पुस्तकात मिळाला. त्यात इमेज टॅगमध्ये, म्हणजे पानावर चित्र आणणाऱ्या खुणेत, एचस्पेस आणि व्हीस्पेस लिहून पुढे आकडा द्यावा, असे सांगितले होते. त्याने जागा सुटली खरी, पण डावीकडेही तेवढीच सुटली, आणि छायाचित्र परिच्छेदाच्या डाव्या कडेपासून आत सरकून बसले.

एचटीएमएल, म्हणजे आंतरजालावरची पाने लिहिण्याची भाषा, मला अगदी प्राथमिक येते. परिच्छेद, शीर्षक, दुवा आणि इमेज एवढेच टॅग मी हाताने लिहू शकते. एवढ्या ज्ञानावर ज्या बाजूला हवी त्याच बाजूला जागा सोडता येईल का, आणि ती मोबाइलवरही नीट राहील का?


प्रतिसाद १
विश्रामबागकर, सांगली

नमस्कार ताई. मी सांगलीत मुलांना संकेतस्थळे तयार करायला शिकवतो आणि पहिल्याच महिन्यात प्रत्येक तुकडीकडून हा प्रश्न येतो. त्यामुळे सविस्तर लिहितो.

सुरुवातीला एक सूचना. या चर्चास्थळावर प्रतिसादात खरा टॅग लिहिला, की तो छापला न जाता नाहीसा होतो. म्हणून मी सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे मराठीत लिहीत आहे. आपण त्या आपल्या लेखात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टंकाव्यात.

स्पेसची कळ कितीही वेळा दाबली तरी उपयोग होत नाही, याचे कारण ब्राउझर सलग आलेल्या साऱ्या मोकळ्या जागा मिळून एकच मानतो. हा दोष नसून एचटीएमएलचा मूळ नियम आहे. मोकळी जागा ही टंकायची गोष्ट नाही, ती त्या घटकाचा गुणधर्म म्हणून सांगायची गोष्ट आहे. मजकूर लिहिताना आपण वहीला समास सोडतो, तसा प्रत्येक छायाचित्राला स्वतःचा समास असतो आणि एचटीएमएलच्या जगात त्याचे नाव मार्जिन आहे.

आपल्याला पुस्तकात मिळालेले एचस्पेस आणि व्हीस्पेस चुकीचे नव्हते, जुने होते. जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ३.२ मध्ये ते अधिकृतपणे होते. डिसेंबर १९९९ च्या ४.०१ आवृत्तीत ‘हे वापरू नका’ असे सांगण्यात आले, आणि आजच्या एचटीएमएलमध्ये ते कालबाह्य ठरवलेले आहेत. ब्राउझर अजूनही ते पाळतात, म्हणूनच आपल्याकडे जागा सुटली. परंतु एचस्पेस डावी-उजवी दोन्हीकडे आणि व्हीस्पेस वर-खाली दोन्हीकडे सारखीच जागा सोडतो. एकाच बाजूला जागा सोडण्याची सोय त्यात कधीच नव्हती, त्यामुळे आपले छायाचित्र आत सरकले.

आता उपाय. इमेज टॅगच्या आत, चित्राच्या पत्त्यानंतर, एक स्पेस देऊन पुढील ओळ लिहावी:

स्टाईल="फ्लोट: लेफ्ट; मार्जिन: ०.४एम १.२एम ०.८एम ०;"

फ्लोट: लेफ्ट म्हणजे छायाचित्र डावीकडे राहील आणि मजकूर त्याच्या उजवीकडून वाहील. मार्जिनपुढील चार आकडे चार बाजूंचे आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो, की देवळाच्या कळसापासून निघून प्रदक्षिणा घालायची. प्रदक्षिणा ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने हे आकडे जातात. आपल्या लेखात छायाचित्र डावीकडे आहे, म्हणून मजकुराला लागणारी बाजू उजवी आणि खालची आहे. तिथेच जागा सोडायची आणि डावीकडे शून्य ठेवायचे, म्हणजे छायाचित्राची डावी कड परिच्छेदाच्या डाव्या कडेशी बरोबर जुळेल. छायाचित्र उजवीकडे हवे असेल तर फ्लोट: राईट लिहून दुसऱ्या आणि चौथ्या आकड्याची अदलाबदल करावी.

एम हे माप अक्षराच्या आकाराइतके असते. बहुतेक ब्राउझरमध्ये अक्षर मुळात १६ पिक्सेलचे असते, म्हणून १.२ एम म्हणजे सुमारे १९ पिक्सेल. थेट पिक्सेलमध्ये लिहिले तरी चालते. परंतु एखाद्या वयस्क वाचकाने अक्षरे मोठी करून घेतली, तर एममध्ये दिलेली जागाही अक्षरांबरोबर वाढते आणि पिक्सेलमध्ये दिलेली तेवढीच राहते. आपल्या वाचकांचा विचार केला तर एमच योग्य आहे, असे मला वाटते.

याच ओळीत आणखी दोन गोष्टी जोडाव्यात: मॅक्स-विड्थ: ४५% आणि हाईट: ऑटो. पहिलीमुळे छायाचित्र मजकुराच्या निम्म्यापेक्षा जास्त रुंदी अडवणार नाही. दुसरी विसरली आणि टॅगमध्ये उंचीचा आकडा आधीपासून लिहिलेला असला, तर रुंदी कमी होते, उंची तेवढीच राहते आणि फूल उभे ताणलेले दिसते.

एक परिणाम मात्र आधीच सांगून ठेवतो. शेजारचा परिच्छेद लहान असेल, तर पुढचे उपशीर्षकही छायाचित्राच्या बाजूला चढून बसते. तसे झाल्यास त्या शीर्षकाच्या टॅगमध्ये स्टाईल="क्लिअर: बोथ;" असे लिहावे, म्हणजे ते छायाचित्राच्या खालूनच सुरू होईल.


प्रतिसाद २
जुना जुळारी, वाई

विश्रामबागकर यांनी एम हे माप सांगितले, त्यामुळे मलाही लिहावेसे वाटले. मी वाईतील एका छापखान्यात ३१ वर्षे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवले. आज नातवामुळे मोबाइलवर वाचतो, आणि तोच शब्द इथे भेटला याचा फार आनंद झाला.

आमच्याकडे पॉइंट हे छपाईचे बारीक माप असे. १२ पॉइंटांचा एक पायका एम, आणि असे सहा एम म्हणजे जवळजवळ एक इंच, हे हिशेब तोंडपाठ असत. पानाची रुंदी एममध्ये, चित्राच्या ठशाची रुंदी एममध्ये, आणि ठशाशेजारच्या आखूड ओळी किती एमांत बसवायच्या तेही एममध्ये. विश्रामबागकर म्हणतात त्याप्रमाणे संगणकावरचा एम त्या त्या अक्षराच्या आकारावर ठरतो. तो आमच्या पायकासारखा कायम १२ पॉइंटांचा नसतो, एवढा फरक लक्षात ठेवला म्हणजे पुरे.

त्या काळी छायाचित्राचा जस्ताचा ठसा लाकडी ठोकळ्यावर बसवलेला येत असे. ठसा आणि खिळे यांच्यामध्ये आम्ही शिशाच्या पट्ट्या भरत असू, त्यांना लेड म्हणत. एकदा एका दिवाळी अंकाच्या कामात घाई झाली आणि मी एका ठशाला लेड न भरताच ओळी लावल्या. छपाई सुरू झाल्यावर दोनशेएक कागदांनंतर पाहिले तर ठशालगतच्या ओळीतले तीन उकार तुटलेले. उकाराचा खिळा तळाशी बारीक असतो, ठोकळ्याच्या कडेचा दाब त्याला सोसला नाही. तेव्हापासून चित्राभोवतीची जागा ही सजावट आहे, असे माझ्या मनात कधी आले नाही. अक्षराला पुरे उभे राहता यावे म्हणून ती असते.

ताई, आपल्या मराठी अक्षरांविषयी एक गोष्ट सांगतो. ती इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही. आपल्या ओळीची सर्वांत ठळक रेघ म्हणजे शिरोरेषा, आणि ती ओळीच्या वरच्या भागात असते. चित्राच्या वर जी ओळ येते, तिचा खालचा भाग उकार, रुकार आणि अक्षरांच्या पायांमुळे कमी-जास्त असतो, त्यामुळे तिथे थोडी कमी जागा असली तरी डोळ्याला खुपत नाही. चित्राखालून सुरू होणाऱ्या ओळीची शिरोरेषा मात्र चित्राच्या खालच्या कडेला समांतर सरळ रेघ होऊन बसते. दोन समांतर रेघा जवळ आल्या, की मधली जागा आहे त्यापेक्षा कमी वाटते, आणि त्यातच वेलांट्या व रफार घुसतात. म्हणून चित्राच्या वर जेवढी जागा सोडाल, त्याच्या दीडपट-दुप्पट खाली सोडावी. विश्रामबागकर यांनी वर ०.४ आणि खाली ०.८ दिले आहे, ते मला अगदी पसंत पडले.

मजकुराच्या बाजूला चित्र असेल, तर त्याची वरची कड शेजारच्या पहिल्या ओळीच्या शिरोरेषेच्या पातळीत आणावी. आम्ही चित्राच्या डोक्यावर दोन-तीन पॉइंटांचे लेड घालून ते साधत असू. संगणकावरही हेच करावे लागते का, याचे उत्तर विश्रामबागकर देतील.


प्रतिसाद ३
विश्रामबागकर, सांगली

काका, आपला प्रतिसाद मी माझ्या तुकडीला वाचून दाखवणार आहे.

होय, तेच करावे लागते, आणि वरचा ०.४ एम त्यासाठीच आहे. ब्राउझरमध्ये ओळीची उंची अक्षराच्या उंचीपेक्षा जास्त ठेवलेली असते आणि ती जास्तीची जागा निम्मी अक्षरांच्या वर, निम्मी खाली वाटली जाते. फ्लोट केलेले छायाचित्र मात्र ओळीच्या अगदी माथ्यापासून सुरू होते, शिरोरेषेपासून नव्हे. म्हणून ते शेजारच्या ओळीपेक्षा किंचित वर चढलेले दिसते. ०.४ एम हा अंदाज आहे. टंकानुसार तो ०.३ किंवा ०.६ करावा लागेल. पडद्यावर पाहून शिरोरेषेशी जुळेपर्यंत आकडा बदलावा.


प्रतिसाद ४
तंबोऱ्याची गवसणी, मिरज

मी मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या कामाविषयी लिहितो, त्यामुळे या विषयात मलाही बरेच दिवस घालवावे लागले. दोन मुद्दे मांडतो.

मार्जिनसोबत पॅडिंग नावाचा दुसरा गुणधर्म आहे आणि त्या दोहोंची गल्लत पुष्कळ जण करतात. छायाचित्राला चौकट किंवा मागे रंग द्यायचा नसेल, तर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. म्हणूनच गल्लत लवकर लक्षात येत नाही. चौकट दिली की फरक कळतो. पॅडिंग चौकटीच्या आत, चित्र आणि रेघ यांच्यामध्ये असते, आणि मागे दिलेला रंग तिथे दिसतो. मार्जिन चौकटीच्या बाहेर असते आणि त्याला स्वतःचा रंग नसतो, पानाचा जो रंग असेल तोच तिथे दिसतो. ताईंच्या भावाच्या मोबाइलवर पांढरी पट्टी उठून दिसली. तिच्याऐवजी मार्जिन असते तर तिथे काळाच रंग दिसला असता.

मी चौकटीच्या मोहात पडून एकदा चूक केली होती. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर नक्षी चालू असतानाचे आडवे छायाचित्र होते. त्याला विड्थ: १००%, चारही बाजूंना १० पिक्सेल पॅडिंग आणि १ पिक्सेलची रेघ दिली. संगणकावर काही जाणवले नाही, पण मोबाइलवर संपूर्ण पान आडवे सरकू लागले. कारण १०० टक्के हे फक्त चित्राचे मोजले जाते, आणि त्यावर दोन्ही बाजूंचे मिळून २२ पिक्सेल वाढतात. बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स असे लिहिल्यावर पॅडिंग आणि रेघ दोन्ही त्या १०० टक्क्यांतच धरले गेले. मार्जिन मात्र तरीही त्यात धरले जात नाही, म्हणून पूर्ण रुंदीच्या छायाचित्राला डावी-उजवीकडे मार्जिन देऊ नये.

दुसरा मुद्दा निवडीचा आहे. छायाचित्र बाजूला ठेवून मजकूर वाहू देणे हे उभ्या, अरुंद छायाचित्रालाच शोभते. उभा ठेवलेला तंबोरा, त्याची लांब दांडी आणि वरच्या खुंट्या असे चित्र उजवीकडे राहिले, की शेजारच्या परिच्छेदात भागांची नावे सांगता येतात आणि वाचकाची नजर सहज इकडून तिकडे जाते. कासचे पठार आडवे आहे. त्याची छायाचित्रे मधोमध, स्वतंत्रपणेच ठेवावीत, असे मला वाटते. त्यासाठीची ओळ अशी:

स्टाईल="डिस्प्ले: ब्लॉक; मॅक्स-विड्थ: १००%; हाईट: ऑटो; मार्जिन: १.२एम ऑटो १.६एम;"

इथे मार्जिनला तीनच आकडे आहेत: वर, दोन्ही बाजू आणि खाली. बाजूला ऑटो लिहिले, की उरलेली जागा दोन्हीकडे सारखी वाटली जाते. डिस्प्ले: ब्लॉक वगळले तर हे घडत नाही, कारण मुळात ब्राउझर चित्राला ओळीतल्या एका मोठ्या अक्षरासारखेच वागवतो. चित्राखाली कधी कधी जी बारीक, नकोशी फट दिसते, तिचेही कारण हेच आहे. चित्र अक्षरांच्या पायरेषेवर उभे राहते आणि खाली उकारासाठी जागा राखली जाते. डिस्प्ले: ब्लॉकने ती फटही जाते.


प्रतिसाद ५
कासवाट, सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, शिरोरेषेचे आपण सांगितले ते मी लगेच जुन्या पुस्तकांत पाहिले, आणि आपले म्हणणे पानोपानी दिसले.

परंतु एक अडचण आली आहे. विश्रामबागकर यांनी दिलेली ओळ मी मोबाइलवरूनच लेखात घातली आणि काहीही बदलले नाही. छायाचित्र होते तसेच आहे, किंबहुना आता ते डावीकडेही राहिलेले नाही. मी दोनदा तपासले, स्पेलिंग बरोबर आहे.


प्रतिसाद ६
विश्रामबागकर, सांगली

ताई, स्पेलिंग बरोबर असूनही ओळ चालत नसेल तर बहुधा चिन्हांचा दोष असतो. मराठीत लिहिणाऱ्यांना हे विशेष सोसावे लागते, म्हणून एकेक पाहूया.

मराठी कळफलक चालू असताना आज्ञेनंतरचे दोन टिंबांचे चिन्ह टंकले, तर कधी कधी तिथे विसर्ग उमटतो. ‘दुःख’ या शब्दातला विसर्ग आणि आज्ञेतील ते चिन्ह डोळ्यांना सारखेच दिसते, पण ब्राउझरला विसर्ग हे मराठी अक्षर वाटते आणि तो ती संपूर्ण आज्ञा सोडून देतो. आकड्यांचेही तसेच. मराठी आकडे वाचकाला कळतात, ब्राउझर मार्जिनसाठी ते स्वीकारत नाही. आकडा आणि एम यांच्यामध्ये स्पेस असली तरीही आज्ञा वाया जाते. दोन्ही एकमेकांना चिकटूनच हवेत. शून्य सोडून कोणत्याही आकड्यापुढे एकक लिहायचे राहिले, तरी तोच परिणाम. आपल्याला एचस्पेसची सवय असल्यामुळे हे मुद्दाम सांगतो, कारण तिथे नुसता आकडा चालत होता.

आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे अवतरणचिन्हे. ओळ आधी एखाद्या लेखनाच्या अ‍ॅपमध्ये लिहून तिथून आणली असेल, तर ते अ‍ॅप सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करून ठेवते. छापील मराठीत वळणदार चिन्हे सुंदर दिसतात, परंतु टॅगमध्ये ब्राउझर त्यांना चिन्ह न मानता मजकुराचाच भाग समजतो. आधीचे अलाइन, म्हणजे चित्र डावीकडे ठेवणारी जुनी सूचना, काढून टाकून आपण ही ओळ घातली असेल, तर छायाचित्र डावीकडे का राहिले नाही, तेही यातून उलगडते: जुनी सूचना गेली आणि नवी वाचलीच गेली नाही.

एवढे सगळे तपासूनही फरक पडला नाही, तर आपण वापरत असलेल्या तयार मांडणीतच छायाचित्रांसाठी अधिक जोराची आज्ञा असू शकते. एरवी टॅगमध्ये लिहिलेली स्टाईल मांडणीतल्या नियमावर मात करते, फक्त तिथे ‘इम्पॉर्टंट’ लिहिलेले असेल तर करत नाही. पण ती शक्यता शेवटी पाहावी.


प्रतिसाद ७
कासवाट, सातारा

अवतरणचिन्हेच होती. मी ओळ टिपणवहीच्या अ‍ॅपमध्ये लिहून ठेवली होती, तिथेच ती वळणदार झाली. संगणकावर बसून दोन्ही चिन्हे पुन्हा टंकली आणि छायाचित्र जागेवर बसले. डावी कड परिच्छेदाशी जुळली आणि फुलांपासून अक्षरे एका अक्षराएवढी दूर गेली. वरचा आकडा ०.४ वरून ०.५ केल्यावर कड शिरोरेषेच्या पातळीत आली. काका, हे आपल्याला आवर्जून कळवत आहे.

मोबाइलवर मात्र शेजारी फार अरुंद पट्टा उरतो. ‘जैवविविधतेच्या’ हा एक शब्द आला, की त्या ओळीत दुसरा शब्द मावत नाही आणि उजवीकडे दातेरी कड दिसते. यावर प्राथमिक ज्ञानात बसेल असा काही उपाय आहे का?


प्रतिसाद ८
विश्रामबागकर, सांगली

हिशेब करून पाहिला तर हे अटळ आहे. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर पानाच्या दोन्ही कडांना १६-१६ पिक्सेल सोडले, तर ३२८ उरतात. त्यातले ४५ टक्के, म्हणजे सुमारे १४८ छायाचित्राला आणि १९ मार्जिनला गेले, की मजकुराला १६१ पिक्सेल राहतात. मराठीतील जोडशब्द आणि प्रत्यय लागून लांबलेले शब्द यांना एवढी रुंदी पुरत नाही. इंग्रजी मजकूर यातून कसाबसा निभावतो, आपला निभावत नाही.

पडदा अरुंद असेल तेव्हाच फ्लोट काढून टाकणारी आज्ञा असते, परंतु ती टॅगमधील स्टाईलमध्ये लिहिता येत नाही. आपल्या मांडणीत स्वतःची सीएसएस, म्हणजे दिसण्याचे वेगळे नियम, जोडण्याची जागा असेल, तर तिथे ६०० पिक्सेलपेक्षा कमी रुंदीसाठी वेगळा नियम लिहिता येईल. त्या वेळी फ्लोट आणि मार्जिन टॅगमधून काढून एका क्लासखाली, म्हणजे नियमांना दिलेल्या एका नावाखाली, तिथेच ठेवावे लागतील, नाहीतर टॅगमधली स्टाईल त्या नियमाला जुमानणार नाही.

मात्र प्राथमिक ज्ञानावर राहायचे असेल, तर माझे स्पष्ट मत मिरजकरांसारखेच आहे: छायाचित्रे मधोमध ठेवावीत. आपले बहुतेक वाचक मोबाइलवर आहेत, हे आपणच लिहिले आहे. त्यांच्यासाठी मजकूर अखंड रुंदीने वाहणे आणि छायाचित्र पूर्ण रुंदीने दिसणे, यापेक्षा चांगली मांडणी नाही. फ्लोट एखाद्याच लहान, उभ्या छायाचित्राला ठेवावा, आणि तिथेही मॅक्स-विड्थ ३५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये.

मधोमध ठेवताना एका गोष्टीने गोंधळू नये. परिच्छेदाचे स्वतःचे मार्जिन १ एम असते आणि आपण चित्राला खाली १.६ एम दिले, तर दोन्ही मिळून २.६ होत नाही. वर-खाली लागून आलेल्या अशा दोन मार्जिनांपैकी मोठेच तेवढे धरले जाते, म्हणून जागा १.६ एमच राहते. फ्लोट केलेल्या चित्राच्या बाबतीत मात्र ती बेरीज होते. एकच आकडा दोन ठिकाणी वेगवेगळा का दिसतो, हे यावरून समजेल.


प्रतिसाद ९
जुना जुळारी, वाई

चित्राखाली नाव देणार असाल, तर ते चित्राला जवळ आणि पुढच्या परिच्छेदाला दूर असावे. नाव चित्राचे आहे, परिच्छेदाचे नाही, हे जागेवरूनच कळले पाहिजे. आम्ही ठशाखाली ४ पॉइंट आणि नावाखाली १२ पॉइंट सोडत असू.


प्रतिसाद १०
तंबोऱ्याची गवसणी, मिरज

काकांनी सांगितलेली रचना करायची तर चित्र आणि नाव दोन्ही फिगर या टॅगमध्ये ठेवावीत आणि नावाला फिगकॅप्शन हा टॅग द्यावा. मग वरचे-खालचे मोठे मार्जिन चित्राऐवजी फिगरला द्यायचे आणि चित्राखाली फक्त ०.३ एम ठेवायचे. मात्र फिगरला ब्राउझर स्वतःहून डावी-उजवीकडे ४०-४० पिक्सेल सोडतो. मोबाइलवर ८० पिक्सेल असे फुकट जाणे परवडणारे नाही, म्हणून फिगरच्या टॅगमध्ये मार्जिन: १.२एम ० १.६एम, असे आवर्जून लिहावे.


प्रतिसाद ११
कासवाट, सातारा

आज तो लेख पूर्ण नव्याने मांडला. पठाराची चार आडवी छायाचित्रे फिगरमध्ये, पूर्ण रुंदीने घेतली आणि बाजूची जागा शून्य केली. नावे काकांनी सांगितल्याप्रमाणे चित्राला जवळ, म्हणजे वर ०.३ आणि खाली १.६ एम ठेवून बसवली. फक्त टोपली कारवीच्या एका उभ्या छायाचित्राला डावीकडे ठेवले आणि त्याची रुंदी ३२ टक्के केली, कारण सात वर्षांनी फुलणाऱ्या त्या झुडपाच्या फांद्यांची ठेवण शेजारच्या परिच्छेदात सांगितली आहे. भावाच्या मोबाइलवर, काळ्या पार्श्वभूमीवरही पाहिले. कुठेही पांढरे काही नाही.

एकच प्रश्न राहिला. पांढऱ्या पट्ट्या जोडलेली सुमारे चाळीस छायाचित्रे जुन्या लेखांमध्ये आहेत. ती तशीच ठेवून वर मार्जिनही दिले तर चालेल का?


प्रतिसाद १२
विश्रामबागकर, सांगली

चालणार नाही, ताई. पट्टी आणि मार्जिन यांची बेरीज होऊन जागा दुप्पट दिसेल, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पट्टी तशीच राहील. मूळ छायाचित्रे आपल्याकडे असतील तर तीच पुन्हा चढवावीत. नसतील तर पट्ट्या कापून घ्याव्यात. चाळीसही एकदम करण्याची गरज नाही. फुलांचा हंगाम सुरू झाला की कासचेच लेख जास्त उघडले जातील, म्हणून ऑगस्टच्या आत तेवढे करून घ्यावेत आणि विहिरींचे नंतर सावकाश हाती घ्यावेत.